टेकड्यांवरचे विद्यापीठ आणि आपली बोलकी पोरे

पोर बारावी पास झाले की आपल्या घरात चारच नावे निघतात. आयटीआय, पोलीस भरती, नर्सिंग, नाहीतर बी.कॉम. यातले बी.कॉम. आम्हीही केले आहे. त्याने कारकुनी मिळाली, चूल पेटली, भावंडांची लग्ने झाली. तेव्हा त्याला नावे ठेवायचे आम्हांला काही कारण नाही. पण प्रत्येक वस्तीत एखादे पोर असे असते की जे चौदा एप्रिलला माईक सोडत नाही, विहारातल्या कार्यक्रमाचे वृत्त आपणच लिहून काढते, नाटकात काम करते, नाहीतर मोबाईलवर उलटसुलट काहीतरी जोडून सगळ्यांना दाखवत बसते. अशा पोराला आपण काय म्हणतो? "हे धंदे सोड अन् फॉर्म भर." त्याच्या अंगात जे आहे तेसुद्धा शिकण्याचे शास्त्र असते आणि ते शिकवणारी जागा आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसते.

शहरातून उमरीच्या अंगाला निघालात की टेकड्या लागतात. पंचटीला हे त्या जागेचे नाव. त्या टेकड्यांवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे आहे. नागपूरला १९७५ च्या जानेवारीत पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, त्यात वर्ध्याला असे विद्यापीठ व्हावे असा ठराव झाला. ठराव होऊन बावीस वर्षे गेली आणि संसदेने केलेल्या कायद्याने १९९७ साली ते स्थापन झाले. कवी अशोक वाजपेयी हे पहिले कुलगुरू. म्हणजे हे केंद्रीय विद्यापीठ आहे, दिल्लीच्या पैशावर चालते, आणि तो पैसा तुमच्या-आमच्या करातून जातो. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतोच.

नावात महात्मा गांधी आणि हिंदी, दोन्ही आले म्हणून आमच्यातले काही कार्यकर्ते नाक मुरडतात. त्यांना आम्ही एकच विचारतो, आत जाऊन पाहिले काय? तिथे बौद्ध अध्ययनाचे केंद्र आहे आणि त्याला डॉ. भदंत आनंद कौसल्यायन यांचे नाव आहे. दलित व आदिवासी अध्ययनाचे केंद्र बाबासाहेबांच्या नावाने आहे. भदंतजी पंजाबचे, जन्म १९०५ चा. पण आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी वर्ध्यात काढली, राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहिले. जातककथा हिंदीत आणणारे तेच आणि बाबासाहेबांचा धम्मग्रंथ हिंदी माणसाच्या हातात देणारेही तेच. उत्तर प्रदेश-बिहारच्या खेड्यात आज जो माणूस तो ग्रंथ वाचतो तो एका भाषांतरकाराच्या मेहनतीवर वाचतो. भाषा हे केवढे हत्यार आहे ते वर्ध्यात राहून गेलेल्या त्या भिक्खूला चांगले कळले होते.

आता एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. आपण ज्याला विद्यापीठ म्हणतो त्याला हिंदीत विश्वविद्यालय म्हणतात. आणि त्या विश्वविद्यालयाच्या आत जी विद्याशाखा असते तिला तिथे 'विद्यापीठ' म्हणतात. भाषा विद्यापीठ, साहित्य विद्यापीठ, संस्कृती विद्यापीठ, अनुवाद विद्यापीठ अशी पाटी वाचून आमचे एक स्नेही चक्रावले होते, एका आवारात इतकी विद्यापीठे कशी म्हणून! त्या सगळ्या शाखा आहेत. आज आम्हांला ज्या तीन विषयांवर बोलायचे आहे, म्हणजे जनसंचार, नाट्य-चित्रपट आणि भाषेचे तंत्रज्ञान, ते तिथे एका छताखाली नाहीत, वेगवेगळ्या शाखांत विखुरलेले आहेत. शाखांची आणि विभागांची नावेही अधूनमधून बदलतात. म्हणून विचारायला जाल तेव्हा विषयाचे नाव सांगा, शाखेचे नव्हे.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. बाप हातगाडी ओढतो, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी बी.ए. झाली आणि जनसंचारात एम.ए. करते म्हणाली. बापाला शब्दच नवा. त्याने आम्हांला बोलावून घेतले. "साहेब, हे जनसंचार पोटाले काय देते ते पयले सांगा." प्रश्न चोख होता. आम्ही उगाच मोठमोठ्या गोष्टी केल्या नाहीत. जे ठाऊक होते ते सांगितले, तेच इथे लिहितो.

जनसंचार म्हणजे बातमी मिळवणे, ती तपासणे, लिहिणे, संपादन करणे. रेडिओ आणि टीव्हीसाठी लिहिणे-बोलणे. कॅमेरा, जाहिरात, जनसंपर्क आणि या सगळ्याचा समाजावर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास. शिकून बाहेर पडल्यावर वृत्तपत्रात पहिला पगार थोडाच असतो आणि पुष्कळदा कंत्राटावर असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या गावी तर नुसत्या बातमीवर घर चालत नाही. पण दुसऱ्या वाटाही आहेत. आकाशवाणी-दूरदर्शन आहे, सरकारच्या माहिती खात्यातल्या जागा आहेत, मोठ्या संस्थांचे जनसंपर्क विभाग आहेत, नेट-सेट झाले तर प्राध्यापकी आहे. बाप ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे नक्की काहीच नाही." आम्ही म्हणालो, नक्की तर बी.कॉम.लाही नाही दादा, तुमच्या गल्लीत किती बी.कॉम. घरी बसून राह्यले ते मोजा.

त्याला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. बाबासाहेब विलायतेहून शिकून आले, अर्थशास्त्राचे पंडित, आणि ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी पहिले काय काढले असेल तर वृत्तपत्र काढले. 'मूकनायक'. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पुढे १९२७ ला 'बहिष्कृत भारत', मग 'समता', १९३० ला 'जनता', आणि १९५६ ला तिचेच 'प्रबुद्ध भारत'. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने ते एकट्याने लिहून काढत, कारण लिहिणारा दुसरा माणूस मिळत नव्हता. हे वाक्य पुन्हा वाचावे. पैसा नव्हता हे तर खरेच, पण लिहिणारी माणसे नव्हती! आमच्या विदर्भात त्याच्याही आधी मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना घालून 'निराश्रित हिंद नागरिक'सारखी पत्रे काढली होती. त्यांना कोणी पत्रकारिता शिकवली नाही. आज ती रीतसर शिकवली जाते आणि आपण म्हणतो, पोटाला काय देते.

मुलगी शेवटी गेली. बाप राजी झाला तो आमच्या भाषणाने नव्हे. मुलींचे वसतिगृह आहे आणि त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे हे कळल्यावर तिची आई म्हणाली, "जाऊ द्या तिले." विषय तिथेच मिटला.

नाटक-सिनेमाचे नाव काढले की मात्र आईसुद्धा बिथरते. पोरगी नटी होणार काय, पोरगा नाच्या होणार काय! अहो, ज्या समाजाला अक्षर ओळखू येत नव्हते त्याला बाबासाहेबांचा विचार कोणी पोचवला? जलशांनी. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला, वामनदादांनी तर सारी हयात त्यात घातली. ढोलकी, पेटी आणि गळा एवढ्या सामानावर हे काम झाले. आमच्या घरातली म्हातारी माणसे सभेचे भाषण विसरली होती, जलशातला सवाल-जबाब तोंडपाठ होता. तो आमचा जनसंचार विभाग होता असे म्हटले तरी चालेल.

आजचा दाखला द्यायचा तर नागराज मंजुळे यांचा देतो. सोलापूर जिल्ह्यातले जेऊर हे त्यांचे गाव, घर दगड फोडणाऱ्या वडार समाजाचे. हा माणूस सिनेमाच्या कुठल्या बड्या घराण्यातून आला नाही. तेव्हाच्या अहमदनगरला, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात, त्यांनी संज्ञापन अभ्यासाचा म्हणजे कम्युनिकेशन स्टडीजचा एम.ए. केला. त्या शिक्षणाच्या काळात केलेला 'पिस्तुल्या' हा लहानसा चित्रपट. शाळेला मुकलेल्या पोराची ती गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. त्यानंतर 'फँड्री' आला, २०१६ ला 'सैराट' आला, २०२२ ला आमच्या नागपुरात चित्रित केलेला 'झुंड' आला. जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजात कॅमेरा हाताळायला मिळाला, हे त्या गोष्टीतले आम्हांला महत्त्वाचे वाटते. गुण तर वस्तीवस्तीत आहेत. कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन हे शिकायला यंत्रे लागतात, आणि यंत्रे विकत घ्यायची आपली ऐपत नाही. सरकारी विद्यापीठाचा उपयोग इथे आहे. तिथे ती फी भरून वापरायला मिळतात. वर्ध्याच्या या विद्यापीठात नाट्य आणि चित्रपटाचा विभाग आहे, प्रयोगाला सभागृह आहे, त्याला हबीब तनवीर यांचे नाव दिलेले आहे. छत्तीसगडच्या खेडुतांना त्यांच्याच बोलीत रंगमंचावर आणून जगभर फिरवणारा हा नाटककार. शिकलेले नट न घेता त्याने नाचातले गडी घेतले. जलशाच्या वारसांनी त्या सभागृहात पाऊल टाकायला संकोच कशाला करावा?

आता तिसरा विषय. यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण यात आमच्यासारख्या कारकुनाचाही जीव अडकला आहे आणि याची चर्चा आपल्यात जवळजवळ होतच नाही.

जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे असत. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. आपल्या समाजातली कितीतरी माणसे या कामावर होती. दिवसा मालकाचे काम आणि रात्री समाजाच्या पत्रकाचे. मग टाइपरायटर. मराठी तीसची परीक्षा, मग चाळीसची, ती पास झाल्याशिवाय कारकुनी कायम होत नसे. मग १९९० च्या आगेमागे संगणक आला, डीटीपी आले, खिळे भंगारात गेले. त्या काळातला मजकूर श्रीलिपीसारख्या फॉण्टांत असे. त्या फॉण्टांची गंमत अशी की संगणकाच्या पोटात अक्षर इंग्रजीच असे, वरून त्याला मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला. तो फॉण्ट ज्या संगणकात नाही तिथे फाईल उघडली की नुसता चिवडा दिसायचा. ऑफिसात हा चिवडा आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

मग युनिकोड आले. त्याच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. यात जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. 'भीम' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने तीन आकडे आहे. भ चा २३४९, दीर्घ वेलांटीचा २३६८, म चा २३५०. पुलगावात टाइप करा की टोकियोत, हेच तीन आकडे. मुखवटा गेला, अक्षराला स्वतःचे नाव-गाव मिळाले. ते नसण्याचे दुःख आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

इथपर्यंत झाली लिहिण्याची गोष्ट. पुढची पायरी म्हणजे यंत्राला भाषा समजणे. बोललेले लिहून घेणे, लिहिलेले वाचून दाखवणे, एका भाषेतून दुसरीत नेणे. यालाच भाषा तंत्रज्ञान किंवा भाषा अभियांत्रिकी म्हणतात, आणि वर्ध्याच्या विद्यापीठात भाषाशास्त्राच्या जोडीला हा विषय शिकवला जातो. केंद्र सरकारने २०२२ ला 'भाषिणी' नावाची योजना काढली तीही याच कामासाठी. आता यंत्र भाषा शिकते कशी? लाखो-करोडो वाक्ये वाचून शिकते. त्याच्यापुढे जे टाकाल ते ते शिकणार. आणि त्याच्यापुढे मराठीतले काय पडते? मोठ्या दैनिकांच्या बातम्या, शासन निर्णय, पुस्तकी प्रमाण भाषा. आमच्या आर्वीची, समुद्रपूरची, हिंगणघाटच्या गिरणी चाळीतली बोली त्यात किती? "मी येऊन राह्यलो", "तुले कायले पायजे", "पोट्टं कुठी गेलं", हे आमची आजी फोनपुढे बोलली तर यंत्र बावचळते. पुढेमागे बँक, दवाखाना, रेशन सगळे बोलत्या यंत्रावर आले तर जिची बोली यंत्राला कळत नाही त्या बाईला पुन्हा कोणा शिकलेल्याचा हात धरून रांगेत उभे राहावे लागेल.

दुसरी गोष्ट आमच्या जुन्या साप्ताहिकांची, पत्रकांची, जयंती अंकांची. कोणाच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ती पिवळी पडत आहेत. काही जुन्या फॉण्टांतल्या फ्लॉपींत अडकली आहेत, त्या वाचणारे यंत्रच आता कुठे नाही. नागपूरचे वसंत मून सरकारी नोकरीत राहून बाबासाहेबांचे कागद गोळा करत राहिले, म्हणून १९७९ पासून भाषणे-लेखनाचे खंड निघू शकले. गंगाधर पानतावणे यांनी पत्रकार बाबासाहेबांवर संशोधन करून ग्रंथ लिहिला तोही जुने अंक कोणीतरी जपले होते म्हणूनच. पण मून आणि पानतावणे यांच्याकडे कागदाला पर्याय नव्हता. आज ते कागद स्कॅन करून, युनिकोडात आणून, शब्द टाकला की पान सापडेल असे करता येते. हे काम भाषा जाणणारा आणि संगणक जाणणारा माणूस करतो. यात इंजिनिअरच पाहिजे असे नाही. मराठी-हिंदी उत्तम, थोडी पाली आणि संगणकाची धास्ती नसलेले एखादे बी.ए. झालेले पोरही या वाटेला लागू शकते.

एवढे सांगितल्यावर अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पहिली हिंदी. टीव्हीची आणि नागपूरच्या बाजाराची हिंदी आपल्याला येते, पण परीक्षेत लिहायची हिंदी वेगळी. 'शिक्षा' म्हणजे तिथे शिक्षण, आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. आपले ते दुकान, हिंदीत ती दुकान. वर सांगितलेल्या मुलीने पहिल्या वर्षी लिंगाच्या चुका इतक्या केल्या की वर्गात हशा व्हायचा. सहा महिने रोज हिंदी वर्तमानपत्राचे एक पान उतरवून काढले तेव्हा हात बसला. लिपी एकच असल्यामुळे इंग्रजीपेक्षा हे कितीतरी सोपे, हे मात्र खरे.

दुसरी, तिथले वातावरण. केंद्रीय विद्यापीठात देशभरची पोरे येतात, वाद होतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यवर कांशीराम यांच्या स्मृतिदिनाला जमून पंतप्रधानांना पत्रे लिहिणाऱ्यांपैकी सहा विद्यार्थ्यांना तिथे निष्कासित करण्यात आले होते. निवडणूक आचारसंहितेचे कारण दिले गेले. देशभर गवगवा झाला आणि काही दिवसांत तो आदेश मागे घ्यावा लागला. हे पालकांना भिववायला आम्ही लिहीत नाही. पोरे एकटीदुकटी असली की दबतात, आणि जिल्ह्यातले चार पालक अधूनमधून विचारपूस करत असले की दबत नाहीत, एवढे लक्षात असू द्या.

तिसरी अडचण कागदांची, आणि हा आमचा रोजचा प्रांत आहे. महाराष्ट्र सरकारने बौद्धांना सवलती १९६० सालीच दिल्या, पण केंद्राने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना मान्यता दिली ती १९९० च्या कायद्याने. केंद्रीय विद्यापीठात अनुसूचित जातींना १५ टक्के जागा असतात, राज्याच्या संस्थांत १३. मात्र त्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि त्यावर जातीचे नाव यादीत आहे तसेच पाहिजे. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेले चालत नाही, कारण त्या नावाची जात यादीत नाही. जी जात टाकून आलो तिचेच नाव पुन्हा कागदावर मागायचे, हे मनाला बोचते. आम्हांलाही बोचते. पण काउंटरवर वाद घालून जागा मिळत नाही, दाखला दाखवून मिळते. दाखला मिळायला वेळ लागतो, तेव्हा निकालाची वाट न पाहता हिवाळ्यातच अर्ज टाकावा. उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करावी. बाहेर खोली करून राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी ती आहे, अटींत बसले पाहिजे.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. कोणत्या विषयाला ती लागते आणि कोणत्याला विद्यापीठ स्वतः प्रवेश देते, हे दरवर्षी तपासून घ्यावे लागते. त्यासाठी उन्हाळा लागण्याआधी एकदा पोराला घेऊन टेकडीवर जाऊन यावे. विभागात विचारावे, वर्ग पाहावेत, सभागृह पाहावे. सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीच्या दाखल्याच्या दोन-दोन झेरॉक्स असू द्याव्यात. मूळ प्रती घरीच ठेवाव्यात.